पन्नास गिनींचा हार

घरात लग्नकार्य निघाले की आपण खर्चाची यादी करावयास बसतो. त्या यादीतील कितीशा गोष्टी वधूवरांच्या सुखासाठी असतात आणि कितीशा केवळ चारचौघांत मान राहावा म्हणून, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. कर्ज फिटेपर्यंत मांडवाचा थाट पाहुण्यांच्या स्मरणातूनही गेलेला असतो. राहणी साधी असावी हे सर्वांस तत्त्वतः मान्य आहे; पण घरातील प्रत्येकाच्या मनास ते पटणे किती कठीण, याचे एक बोलके उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे.

सन १९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ सोडून स्वदेशी येण्यास निघाले. तेथील भारतीयांनी निरोपाच्या वेळी ज्या भेटी दिल्या, त्यांत सोन्याचांदीच्या व हिऱ्याच्या वस्तू होत्या आणि कस्तुरबांसाठी पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार होता. त्या रात्री गांधीजींचा डोळ्यास डोळा लागला नाही. लोकसेवेचे मोल घ्यावे कसे? दागिन्यांचा मोह सोडा असे इतरांस सांगणाऱ्याच्या घरी सोन्याची घड्याळे शोभतील काय? अखेर सर्व भेटी समाजकार्यासाठी विश्वस्तांच्या स्वाधीन करण्याचे त्यांनी ठरविले, पारशी रुस्तमजी आदींची नावे घालून मसुदाही केला आणि सकाळी घरात गोष्ट काढली.

मुले तत्काळ राजी झाली. कस्तुरबा झाल्या नाहीत. मला दागिने घालू देत नाही ते असो, पण उद्या सुना येतील त्यांचे काय, असे त्यांनी विचारले. हार माझ्या सेवेबद्दल मिळाला की तुझ्या, असा प्रश्न पतीने करताच, तुमची सेवा ती माझीही सेवा नव्हे काय, मी रात्रंदिवस राबले, तुम्ही घरी आणलेल्या साऱ्यांचे केले, ते कोणत्या खात्यात, असे त्यांनी सुनावले. त्यांतील काही बोल वर्मी लागल्याचे गांधीजींनीच लिहून ठेवले आहे. संमती त्यांनी कशीबशी मिळविली.

आम्हांस येथे कस्तुरबांची बाजू दुबळी वाटत नाही. त्या काळी स्त्रीच्या हाती स्वतःची म्हणावी अशी पुंजी दागिन्यांखेरीज क्वचितच असे. त्यांच्या मागणीत मिरवण्याची हौस थोडी आणि उद्याची चिंता अधिक होती. आपल्या घरातही मोटार, भारी मोबाइल वा लग्नातील सोने यांवर वाद होतो, तेव्हा कोणास प्रतिष्ठा हवी आहे आणि कोणास आधार, हे आधी नीट ऐकून घ्यावे. प्रतिष्ठेची भूक दुसऱ्याच्या घराकडे पाहून वाढते, तिला पोट नसते. आधाराची गरज मात्र बचतीने, विम्याने, घर वा जमीन पत्नीच्या नावे करून भागविता येते. कर्त्या पुरुषाने संतोषाचे व्रत घ्यावे आणि उपास इतरांस घडावा, हे बरे नव्हे.

१८९६ आणि १९०१ या दोन्ही वर्षांच्या भेटी परत गेल्या. त्यांतून उभा राहिलेला निधी पुढे अडीअडचणीस उपयोगी पडला. लोकांच्या प्रेमाबद्दलची कृतज्ञता त्या कुटुंबाने त्यांच्याच कामी लावली म्हणावयाची. कालांतराने कस्तुरबांनाही त्या निर्णयातील शहाणपण पटले, असे गांधीजी लिहितात. कस्तुरबांनी स्वतः लिहिले असते तर तेही वाचावयास आवडले असते.

दिनांक २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात, स्थानबद्धतेत, त्यांचे निधन झाले. अखेरच्या प्रवासास निघताना त्यांच्या अंगावर गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे लुगडे होते.