भाकरीची खानावळ

बाहेरगावचा पाहुणा आला आणि त्याने "तुमच्याकडे जेवायला चांगले काय मिळते?" असे विचारले, की आपण हिंगोलीकर थोडे अडखळतो. कोल्हापूरकर लगेच तांबडा-पांढरा रस्सा म्हणतो, जळगावकर शेवभाजी आणि भरीत म्हणतो, सोलापूरकर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे नाव घेतो. आपल्याला औंढ्याचा नागनाथ सुचतो, नरसीचे नामदेव महाराज सुचतात, वसमतची हळद सुचते; जेवणाचे नाव मात्र ओठावर येत नाही. माझे म्हणणे असे की, आपल्या जिल्ह्यात मुद्दाम वाट वाकडी करून जावे असे जेवणाचे ठिकाण आहे, आणि ते म्हणजे भाकरीची खानावळ. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे आपण ती मोजत नाही, एवढेच.

प्रथम खानावळ म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे 'हॉटेल' म्हणजे चहा, भजी आणि सकाळचा सुशीला. पोटभर जेवायचे तर खानावळीत. ती सहसा बसस्थानकाजवळ, मोंढ्याच्या आसपास किंवा कोर्ट-तहसीलच्या रस्त्याला असते. हळदीची पोती घेऊन आलेला आणि लिलावाची वाट पाहणारा शेतकरी, तारखेला आलेले पक्षकार, ट्रकचे ड्रायव्हर, आणि महिन्याचे पैसे भरून जेवणारे आम्ही विद्यार्थी, ही तिची गिऱ्हाइके. ताटात दोन भाकरी, पिठले किंवा येसराची आमटी, एखादी वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. काही ठिकाणी ठरलेल्या वारी मटण. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'मटण' असते आणि भाकरी त्याच्या मागून बारीक अक्षरांत येते. मला हा क्रम उलटा वाटतो. मसाला चढवून रस्सा कोणालाही झणझणीत करता येतो. पण तेच गिऱ्हाईक पुन्हा येते ते भाकरीसाठी.

याचे कारण भाकरीच्या पिठातच आहे. गव्हाच्या कणकेत चिवटपणा देणारी प्रथिने असतात. पाणी लागून मळले की त्यांची जाळी तयार होते, म्हणून पोळी लाटता येते, ताणता येते, घडी घालता येते. ज्वारीत ही जाळी तयार होत नाही. पीठ धरून ठेवायचे तर गरम पाणी घालावे लागते; त्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि थोडा चिकटपणा येतो. बायका ज्याला पिठाची 'विरी' म्हणतात ती हीच. दळण शिळे झाले की विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. म्हणून चांगल्या खानावळीला गिरणी जवळ लागते आणि दळण रोजच्या रोज, फार तर एक दिवसाआड करावे लागते. महिन्याचे पीठ एकदम भरून ठेवणारा खानावळवाला नफा चांगला काढील; चांगली भाकरी त्याच्याकडे होणार नाही.

पुढचे काम हाताचे. पीठ एकदम मळून ठेवायचे नाही. एका वेळी एका भाकरीपुरतेच घ्यायचे आणि तळहाताच्या टाचेने रगडायचे. काठवटीत किंवा परातीत कोरडे पीठ पसरून गोळा थापायचा, तो मधून कडेकडे, फिरवत. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी सुकता सुकताच भाकरी उलटावी लागते. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर तडे जातात. मग निखाऱ्यावर धरली की आतल्या वाफेने पापुद्रा सुटतो आणि ती टम्म फुगते. हे सगळे दोनेक मिनिटांत होते, पण ते दरवेळी नव्याने करावे लागते. पोळ्या सकाळी करून डब्यात ठेवल्या तर दुपारीही चालतात. भाकरी अर्ध्या तासात वातड होऊ लागते. (सोलापूरकरांनी या कडकपणाचाच उपयोग करून घेतला. ते मुद्दाम पातळ भाकरी खडखडीत भाजतात आणि ती कितीतरी दिवस टिकते. पण ती विद्या वेगळी.) थोडक्यात, खानावळ चालते ती चुलीपुढे बसलेल्या बाईच्या वेगाने. गल्ल्यावरचा माणूस कितीही घाई करो, भाकरी एका वेळी एकच होते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. माझी माय गेली सहा वर्षे शहरातल्या एका खानावळीत भाकरी थापते. सकाळी दहाला चुलीपुढे बसते, तीनला उठते. मोंढा सुरू असेल त्या दिवशी दीडशेच्या आसपास भाकरी होतात. गिऱ्हाइके तिला 'मावशी' म्हणतात. तिचे नाव त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल. माझी कॉलेजची फी या भाकरीतून येते, तेव्हा या विषयावर मी अगदी तटस्थपणे लिहीत आहे असे वाचकांनी समजू नये.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला मोबाईलवर जपानमधील सोबा-घरांची एक चित्रफीत दाखवली. सोबा म्हणजे बकव्हीटच्या पिठाच्या शेवया. उत्तर भारतात उपासाला ज्याचे पीठ खातात तो कुट्टू, तेच हे धान्य. भात जिथे नीट येत नाही अशा थंड, डोंगराळ, हलक्या जमिनीत ते पेरतात. अडीच महिन्यांत पीक हाती येते. म्हणजे मुळात गरिबांचेच अन्न. आज तिथे खेड्यापाड्यांतली सोबा-घरे शोधत शहरातले लोक येतात, आणि प्रत्येक भागाची रीत निराळी. नागानो प्रांतात तोगाकुशी नावाचे देवस्थान आहे. तिथे शेवयांच्या लहान लहान जुड्या बांबूच्या टोपलीत मांडून देतात. इझुमोला एकावर एक रचलेल्या तीन गोल लाखी डब्यांतून वाढतात. इवाते प्रांतात तर वाटीत घासभरच सोबा येतो, आणि तुम्ही वाटीवर झाकण ठेवीपर्यंत वाढणारी बाई वाढतच राहते. (आमच्या मेसच्या मालकांनी हा प्रकार पाहू नये अशी सर्व विद्यार्थ्यांची इच्छा राहील.)

मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. बकव्हीटमध्येही गव्हासारखी जाळी तयार होत नाही, त्यामुळे शेवया तुटतात. बरेच जण दोन भाग गव्हाचे पीठ मिसळतात. काहीही न मिसळता केलेल्या सोब्याला, दहापैकी दहा भाग तेच पीठ या अर्थाने, जपानी लोक 'जूवारी' म्हणतात! आपल्या जोंधळ्याशी या शब्दाचे काही नाते नाही, योगायोग आहे. पण कानाला गंमत वाटते खरी. आणि चांगल्या सोब्याची त्यांची कसोटी तीन गोष्टींची: नुकतेच दळलेले पीठ, नुकतेच मळून कापलेले, नुकतेच उकडलेले. आपल्या भाषेत सांगायचे तर ताजे दळण, ताजी थापलेली, ताजी भाजलेली. चित्रफितीत एक म्हातारे कारागीर लाकडी परातीत पिठाला थोडे थोडे पाणी लावत होते. माय तेवढ्यावरच थांबली. म्हणाली, "पाणी बघ कसं घालतोय. मापानं नाही, हातानं. पाणी चुकलं की समदं गेलं." त्यांच्याकडेही सोबा शिकणाऱ्याला पाणी लावण्याची ही पायरी सर्वांत कठीण म्हणून शिकवतात.

फरक एवढाच की, त्या म्हाताऱ्यांना तिथे लोक गुरुजी म्हणून वाकून नमस्कार करीत होते.

आपल्याकडे अशा कामाची दखल कधी घेतलीच गेली नाही असे नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली, आणि स्वयंपाक हाही व्यवसाय आहे हे बँकांना मान्य करायला लावले. पण त्या बाया स्वतःच खानावळीच्या मालकीण होत्या. रोजाने चुलीपुढे बसणारीचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

आता अडचणीचे सांगते. भाकरीची खानावळ ज्या धान्यावर उभी आहे ते आपल्या शिवारातून हटत चालले आहे. भाकरीला खरी लागते ती रब्बीची ज्वारी. आपण तिला 'बडी' म्हणतो, पश्चिमेकडे शाळू म्हणतात. दाणा टपोरा, पांढरा, भाकरी गोडसर. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी तिच्यात नावाजलेली; परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे वाण दिले. खरिपात मात्र १९६४ नंतर संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढले, पण कणीस भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो, आणि त्या भाकरीला चव राहत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या अमेरिकन लाल मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली, ते आमचे आजोबा तर अजून त्या नावाने तोंड वाकडे करतात.

पुढे सोयाबीन आले. शंभर-एक दिवसांत रोख पैसा देणारे पीक कोण नाकारील? कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी असेल तिथे हळद आली. ती जूनमध्ये लावली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत रान अडवते. म्हणजे खरीपही तिचा आणि रब्बीही तिचाच. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान मलाही आहे. माझ्या मामांचे घर त्याच हळदीवर चालते. पण त्या रानात आता ज्वारी नाही. शिवाय बैल गेले, ट्रॅक्टर आले, त्यामुळे कडब्याची गरज कमी झाली. ज्वारी पेरण्यामागे निम्मे कारण कडब्याचे असे. उरलेसुरले रानडुकरे आणि पाखरे संपवतात, आणि काढणीला माणूस मिळत नाही. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात ज्वारीची बिस्किटे आली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ सालीच मानांकन मिळाले होते. आमच्या गावच्या शिवारात मात्र तेवढ्याने एक तास वाढले नाही.

परिणाम खानावळीत दिसतो. एके काळी पोळी सणाची आणि भाकरी रोजची होती. आता पोळीच्या ताटापेक्षा भाकरीचे ताट महाग पडते. नांदेड-हिंगोली-वाशीम हमरस्त्यावरच्या धाब्यांनी तर तंदूर लावून सुटका करून घेतली आहे. मैद्याची रोटी शिकाऊ पोरगाही लावू शकतो. माय काम करते तिथले मालक वाईट नाहीत, वेळेवर रोज देतात. पण ज्वारी आणखी चढली तर दुपारी फक्त पोळी ठेवावी, असा विचार त्यांनी यंदा दोनदा बोलून दाखवला आहे. पोळ्या लाटायला यंत्र मिळते. भाकरीचेही यंत्र निघाले आहे. ते मालक पाहून आले. भाकरी गोल येते, एकसारखी येते, पण पापुद्रा सुटत नाही म्हणाले. माय त्यावर काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र त्या यंत्राला पाणी कोण लावते, हे तिने मला तीनदा विचारले.

तेव्हा ज्यांना जायचे आहे त्यांनी उशीर करू नये. खानावळींची नावे देत बसत नाही, कारण पाट्या बदलतात. ओळखायच्या खुणा सांगते. ज्या खानावळीत चूल गिऱ्हाइकाला दिसते ती आधी निवडावी. चुलीजवळ भाकरीची चळत रचलेली दिसली तर परत फिरावे. चांगल्या ठिकाणी भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि दुसरीसाठी वाट पाहावी लागते. वाट पाहावी. पहिला तुकडा रश्शात न बुडवता नुसताच खाऊन पाहावा. विरी गेलेली भाकरी तोंडात भुगा होते, चांगली भाकरी चावताना गोड लागते. ज्वारी कोणती, असे विचारावे. उत्तर आले तर बसावे. जपानी लोक नव्या पिकाच्या सोब्यासाठी शरदात प्रवास करतात. आपली बडी ज्वारी फाल्गुन-चैत्रात मोंढ्यावर येते, आणि तिची भाकरी तेव्हा सर्वांत चांगली थापते. परीक्षेचा काळ असतो हे खरे, पण जेवायला तर जावेच लागते. बाराच्या आधी जावे. एकनंतर गर्दी होते आणि मावशींना मान वर करायलाही सवड नसते.