बेचाळीस दिवसांनंतर

आशा कार्यकर्तीच्या कामात बाळंतिणीच्या घरी जाण्याचे दिवस ठरलेले असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. दवाखान्यात बाळंतपण झाले की या सहा दिवशी घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, नाळ सुकली का पाहायचे. आईला दूध पुरेसे येते का, अंगावरून जास्त जाते का, ते विचारायचे. सहाही भेटी झाल्या की आशेला केंद्राच्या दराप्रमाणे २५० रुपये मिळतात. त्यानंतरही ती त्या घरी जाते, पण मुख्यतः बाळासाठी, म्हणजे लस, वजन आणि वरच्या अन्नासाठी. आईची चौकशी पुन्हा तितक्याच नेमाने सुरू होते ती तिला पुन्हा दिवस गेल्यावर.

सुरतेच्या गोडादऱ्यात बायकांसाठी चालणारी सार्वजनिक आरोग्यसेवा पाहायची, तर हे वेळापत्रक हाताशी ठेवावे. यंत्रणेची ताकद त्यात दिसते आणि तिची मर्यादाही.

गोडादरा हा शहराच्या आग्नेय अंगाचा, महापालिकेच्या लिंबायत झोनमधला भाग. एका बाजूला डिंडोली, दुसरीकडे पर्वत पाटिया, आणि मध्ये एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या सोसायट्या. पुरुषमाणसे लूमवर, डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये किंवा रिंग रोडच्या कापड मार्केटात. उत्तर भारतातली, राजस्थानातली, ओडिशातली माणसे इथे आहेत. पण गल्लीत कानावर अहिराणी आणि मराठी पडते ती जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांमुळे. तापीच्या खोऱ्यातून सुरतेला येणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली आणि खानदेशाला मुंबईपेक्षा सुरत जवळची झाली. कापडाचा धंदा वाढला तशी ही वाट रुळली. आज सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. लिंबायतच्या मतदारांनी संगीता पाटील यांना २०१२ पासून सलग आमदार म्हणून निवडून दिले आहे आणि जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार आहेत. म्हणजे मराठी माणूस इथे पाहुणा राहिलेला नाही. बाईचे मात्र थोडे वेगळे आहे. तिचे सासर इथे, पण आई, मावशी, ओळखीची सुईण आणि गावची नर्सबाई तापीच्या वरच्या अंगाला. आजारपणात कोणाला विचारायचे, हा तिचा पहिला प्रश्न असतो.

त्याचे उत्तर ज्या यंत्रणेने द्यायचे, तिची पाळेमुळे एका भीतीत आहेत. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी झोनच्या अधिकाऱ्यांना निर्णयाचे अधिकार दिले, त्यांना दररोज रस्त्यावर उतरवले आणि सफाईचा हिशेब रोजच्या रोज मागितला. रोगाची खबर वस्तीतून वर जावी, ही सवय शहराला तेव्हा लागली. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत लिंबायत झोन सुरतेतल्या सर्वाधिक बाधित भागांपैकी होता. तेव्हाही घरोघर फिरल्या त्या याच झोनच्या आरोग्य कर्मचारी आणि आशा.

आजची रचना राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाची आहे. ग्रामीण अभियान २००५ चे. शहरासाठी तसेच काही हवे, हे मान्य व्हायला २०१३ उजाडले. या रचनेत साधारण ५० हजार लोकवस्तीमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखाली वस्तीत जाणाऱ्या परिचारिका आणि २०० ते ५०० घरांमागे एक आशा असते. सर्वांत तळाला महिला आरोग्य समिती. पन्नास ते शंभर घरांतल्या दहा-बारा बायकांची ही समिती, तिच्या नावाने बँकेत खाते आणि वर्षाला ५ हजार रुपये. हे पैसे कशावर खर्च करायचे, ते समितीच्या बायकांनी ठरवायचे असते.

गुजरातने या सांगाड्यात स्वतःची भर घातली आहे. ‘ममता दिवस’ या नावाने ठरलेल्या वारी अंगणवाडीत लसीकरण, गर्भवतींची तपासणी आणि पोषणाचा सल्ला एकाच ठिकाणी मिळतो. प्रत्येक गर्भवतीकडे ममता कार्ड असते. २०१० मध्ये राज्याने ‘ई-ममता’ सुरू केले आणि प्रत्येक गर्भवतीची नावानिशी संगणकात नोंद होऊ लागली. देशपातळीवरची अशी नोंद नंतर आली. गर्भवतीला आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून ‘मातृशक्ती’ची पाकिटे मिळतात. हा पोषक आहार राज्यातले दूध संघ तयार करतात आणि त्यांत सुरतेचा सुमुलही आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टर गर्भवतींना मोफत तपासतात. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. कळा सुरू झाल्या की १०८ ची गाडी, नेण्यासाठी उमरवाड्याचे स्मीमेर किंवा मजुरा गेटचे नवी सिव्हिल रुग्णालय, आणि बाळ-बाळंतिणीला घरी सोडायला ‘खिलखिलाट’ची गाडी.

ही साखळी बऱ्यापैकी चालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, गुजरातेतली ९४.३ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. घरी बाळंत होणे ज्या पिढीला नेहमीचे वाटत होते, तिच्या नातींच्या बाबतीत ते अपवाद ठरले आहे. हे श्रेय आशेचे आहे, आणि तिला पगार नाही. कामागणिक मोबदला आणि राज्याची भर, एवढीच तिची कमाई. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा एकत्रित गौरव केला. मानधनाचा प्रश्न त्यानंतरही आंदोलनांतून पुन्हा पुन्हा पुढे येतो आहे.

गोडादऱ्यात या साखळीला एक खास गाठ बसते. पहिले बाळंतपण माहेरी, ही खानदेशी रीत सुरतेतही सुटलेली नाही. सातवा महिना लागला की डोहाळेजेवण उरकून मुलगी उधन्याहून गाडीत बसते ती अमळनेर, दोंडाईचा किंवा शहाद्याकडे जायला. तिची नोंद सुरतेत, बाळंतपण महाराष्ट्रात, बाळाच्या पहिल्या लसी तिकडच्या उपकेंद्रात. तीन-चार महिन्यांनी ती बाळ घेऊन परतते तेव्हा सुरतेच्या आशेकडे तिच्या शेवटच्या महिन्यांची काहीच नोंद नसते. रक्त किती भरले, सीझर झाले का, बाळाला कोणता डोस मिळाला, हे सगळे पिशवीतल्या कागदावर अवलंबून. कागद माहेरी राहिला तर डोस चुकण्याची किंवा दोनदा दिला जाण्याची पाळी येते. रेशनच्या बाबतीत दोन्ही राज्यांनी शहाणपणा दाखवला. ऑगस्ट २०१९ मध्ये देशात सर्वप्रथम ज्या राज्यांच्या जोड्यांत एकाचे कार्ड दुसऱ्यात चालू लागले, त्यांत महाराष्ट्र-गुजरात होते. धान्याला जे जमले ते बाळंतिणीच्या नोंदीलाही जमायला हवे.

आता बेचाळिसाव्या दिवसानंतरचे. ज्या सर्वेक्षणात बाळंतपणाचा ९४.३ हा आकडा आहे, त्यातच गुजरातेतल्या १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे नोंदले आहे. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. म्हणजे बाळंतपण सुरक्षित होत गेले आणि रक्त मात्र कमी होत गेले. गरोदरपणात १८० लोहाच्या गोळ्या द्यायच्या, हे साऱ्यांना पाठ आहे. पण हिमोग्लोबिन त्या नऊ महिन्यांतच घसरते असे नाही. ते मुलगी चौदा वर्षांची असल्यापासून खाली असते, आणि दोन मुले होऊन शस्त्रक्रिया झालेल्या पस्तिशीच्या बाईचे तर कोणी मोजतही नाही. महिन्याला अंगावरून जास्त जाणे, पाठोपाठची बाळंतपणे, शेवटी जेवायला बसणे आणि जेवणावर लगेच चहा घेणे ही कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. तीस ओलांडलेल्या प्रत्येकीची माहिती आशेने एका तक्त्यात भरायची, रक्तदाब आणि साखर तपासायची, स्तन, तोंड आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी करवून घ्यायची, असा कार्यक्रम कागदावर आहे. पण त्याच सर्वेक्षणानुसार गर्भाशयमुखाची चाचणी एकदा तरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया देशात शंभरात दोनही नाहीत. गुजरातेत त्याहून कमी.

बाईच्या अंगावर रोज चढणारे दुखणे तर कोणत्याच तक्त्यात नाही. सुरतेची साडी कारखान्यात छापली जाते, पण सजते ती अशा वस्त्यांमधल्या घरांत. टिकल्या आणि खडे चिकटवणे, लेस लावणे, धागे कापणे, घड्या घालणे ही कामे बायका घरी बसून नगावर करतात. माल आणून देणारा दाराशी येतो आणि तयार माल घेऊन जातो. मधले तास मोजायला कोणी नसते. फरशीवर पाय दुमडून तासन्‌तास वाकून बसल्याने कंबर आणि मान धरते, बारीक कामाने डोळे शिणतात, डिंकाचा वास बंद खोलीत कोंडतो. ही दुखणी घेऊन बाई दवाखान्यात गेली, तर वेदनाशामक गोळी मिळते आणि विश्रांतीचा सल्ला. विश्रांती घेतली तर त्या दिवसाचे नग बुडतात. घरबसल्या कामगारांना कामगार मानावे, यासाठी याच गुजरातेतून, इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत उभ्या केलेल्या ‘सेवा’ या संघटनेने लढा दिला. त्यातून १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार झाला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आरोग्याला लागूनच दुसरी सेवा आहे, मारहाण आणि छळ सोसणाऱ्या बायकांसाठीची. गुजरातची ‘१८१ अभयम्’ हेल्पलाइन २०१४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि ८ मार्च २०१५ पासून राज्यभर चालू आहे. फोन चोवीस तास, मोफत. समुपदेशक आधी फोनवर ऐकून घेते. गरज असली तर गाडी घरी येते आणि तिच्यात समुपदेशक आणि महिला पोलीस असते. जागेवर समज देणे, पोलीस ठाण्यात नेणे, ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस आसरा देणे किंवा कायदेशीर मदतीकडे पाठवणे, यांतले काय हवे ते बाईने निवडायचे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, पण कायद्याचा कागद हातात घेऊन कोणी घराबाहेर पडत नाही. फोन मात्र करता येतो. माहेर तीनशे किलोमीटरवर असलेल्या बाईसाठी हा क्रमांक मोलाचा आहे. अडचण उरते ती गाडी निघून गेल्यावरची. समेट घडवून गाडी गेली, तर पंधरा दिवसांनी त्या घरात डोकावणार कोण? हेल्पलाइन शहराची आहे, गल्लीची नाही. गल्लीत आशा आहे, पण हिंसेची विचारपूस तिच्या मोबदल्याच्या कामांत ठळकपणे येत नाही.

थोडक्यात, ही यंत्रणा बाईला आई म्हणून चांगली ओळखते. कामगार म्हणून, पस्तिशीनंतरची रुग्ण म्हणून, मार खाणारी म्हणून तिला फारशी ओळखत नाही. हा दोष गोडादऱ्याच्या केंद्राचा किंवा तिथल्या आशेचा नाही. माता आणि बालमृत्यू कमी करणे हेच देशाने दशकानुदशके मोजले, आणि जे मोजले जाते तेच केले जाते. ते उद्दिष्ट योग्यच होते. आता त्यापुढचे मोजायची वेळ आली आहे.

त्यासाठी नवी योजना लागणार नाही. शहरी अभियानाच्या आराखड्यातच केंद्रे संध्याकाळी उघडी असावीत असे म्हटले आहे. माल देऊन, स्वयंपाक उरकून बाई मोकळी होते तेव्हा डॉक्टर, तपासणी आणि औषध तिन्ही हजर असले पाहिजेत. महिला आरोग्य समितीचे ५ हजार रुपये सतरंजी आणि चहावर संपवायचे की वस्तीतल्या सगळ्याच बायकांचे हिमोग्लोबिन मोजायला वापरायचे, हे त्या दहा-बाराजणींच्या हातात आहे. आशेच्या मोबदल्यात गर्भवतीइतकेच वजन चाळिशीच्या बाईच्या तपासणीला द्यायचे, हे सरकारच्या हातात आहे. आणि महाराष्ट्र-गुजरातच्या आरोग्य खात्यांनी एकमेकांच्या नोंदी वाचायच्या, हे दोन्ही राजधान्यांच्या हातात.

खानदेशातल्या वाचकांच्या हातातही काही आहे. सुरतेची लेक बाळंतपणाला आली, तर तिच्या पिशवीत ममता कार्ड आहे का, ते पहिल्याच दिवशी पाहा, आणि परत पाठवताना इकडचे माता-बाल कार्ड त्याला जोडून द्या. तिच्या आईचे, सासूचे आणि धाकट्या बहिणीचेही रक्त त्याच खेपेत तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. आणि तिच्या फोनमध्ये १८१ हा क्रमांक घालून द्या.