चावटपणाचं सोलापुरी घराणं

‘विच्छा माझी पुरी करा’ म्हटलं की दादा कोंडके डोळ्यांसमोर येतात आणि दादा म्हटलं की मुंबईचं गिरणगाव आठवतं. ज्या लेखणीतून हे लोकनाट्य उतरलं ती मात्र सोलापूरची. वसंत सबनीस, म्हणजे रघुनाथ दामोदर सबनीस, ६ डिसेंबर १९२३ रोजी सोलापुरात जन्मले. त्यांचं शालेय शिक्षण पंढरपुरात झालं आणि तिथून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. मराठीतल्या चावट विनोदाची आठवण काढताना आपण दादांपाशी थांबतो, सबनीसांपर्यंत जात नाही. आणि सबनीसांच्याही दीडशे वर्षं मागे, याच गावात, या विनोदाचा मूळपुरुष उभा आहे, तिथपर्यंत तर नाहीच.

तो मूळपुरुष म्हणजे रामजोशी. उत्तर पेशवाईतला हा शाहीर सोलापूरच्या ब्राह्मण घरातला. थोरले भाऊ मुद्गल जोशी पुराण सांगणारे, कीर्तन करणारे. धाकट्याचे पाय मात्र धोंडीबा शाहिराच्या फडाकडे वळले. भावाने घराबाहेर काढलं. रामजोशी पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकून परतले, काही काळ कीर्तनं केली, मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत पोहोचवल्या आणि शेवटी पुन्हा डफ-तुणतुण्याकडे आले. त्यांची शृंगारिक लावणी वाचताना जाणवतं की या माणसाला दोन्ही भाषा घरच्यासारख्या येत होत्या, पोथीची आणि फडाची. एकाच लावणीत संस्कृत आणि मराठी गुंफण्याची त्यांना हौस होती. वरचा अर्थ शास्त्र्याने मान डोलवावी असा, खालचा फडातल्या शेवटच्या रांगेसाठी. मराठी द्व्यर्थी विनोदाची ही पहिली पक्की उभारणी आहे असं मी मानतो. १९४७ साली व्ही. शांताराम यांच्या राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला. दिग्दर्शन बाबूराव पेंटरांचं, लेखन गदिमांचं, पडद्यावर जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. तेव्हा सोलापूरचा हा शाहीर साऱ्या महाराष्ट्राला नव्याने भेटला.

सोलापूरला अशा विनोदाची जाण असणं स्वाभाविक होतं. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिलाच पुढे सगळे जुनी मिल म्हणू लागले. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. पाळीवरून सुटलेला कामगार घरात तेलुगू बोले, शेजारी कानडी, बाजारात दखनी आणि गिरणीत मराठी. ज्या गावात एकच शब्द चार गल्ल्यांत चार अर्थांनी फिरतो, तिथल्या माणसाला दुसरा अर्थ ऐकायला वेगळा कान लावावा लागत नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरे, जिल्ह्यातल्या गावोगावच्या जत्रांत तमाशाचे फड उतरत. पुणे रस्त्यावरच्या मोडनिंबच्या संगीतबाऱ्यांत लावणी आजही बैठकीला बसते. अकलूजला १९९३ साली लावणी स्पर्धा सुरू झाली, तिच्यामागेही हीच जुनी ओढ आहे.

सबनीस या मातीतले. नोकरी सरकारच्या प्रसिद्धी खात्यातली, लेखणी मात्र सरळ फडावरची. त्यांनी आधी ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला आणि त्यातूनच १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ उभं राहिलं. तमाशाची जुनी चौकट यात जशीच्या तशी आहे. आधी गण, मग कृष्ण-पेंद्या-मावशीची गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. वगाची गोष्ट म्हटली तर साधी. राज्याचा कोतवाल मेला आहे, जागा रिकामी आहे. वर्षानुवर्षं राबलेल्या हवालदाराला ती मिळायला हवी, पण मिळते वशिल्याच्या माणसाला. मग हवालदार मैनावतीला हाताशी धरतो. ती नव्या कोतवालाला आपल्या नादी लावते आणि थेट राजाचा छपरी पलंग मागते. पलंग चोरताना कोतवाल सापडतो आणि हवालदार कोतवाल होतो.

या गोष्टीत पलंग आहे, शृंगार आहे, डोळा मारणं आहे. पण चावटपणाचा रोख बघावा. हसं होतं ते वशिल्याने खुर्चीवर बसलेल्या कोतवालाचं. मैनावती कुणाची शिकार नाही, डाव तिच्या हातात आहे आणि तो तीच जिंकते. खालच्या पायरीवरचा माणूस आणि बाई मिळून वरच्याला उघडं पाडतात, आणि हे करताना त्यांच्या हातात हत्यार एकच, दोन अर्थांचा शब्द. सोंगाड्याला राजालाही मधेच तोडण्याची मुभा तमाशाने पूर्वीपासून दिलेली होती. सबनीसांनी त्या मुभेला नोकरशाहीचा विषय दिला. हिंदी रंगभूमीने हेच नाटक ‘सैंया भये कोतवाल’ म्हणून उचललं आणि तिकडेही ते रुजलं. वशिल्याचा कोतवाल सगळ्याच प्रांतांत ओळखीचा निघाला.

हवालदार झाले दादा कोंडके. ८ ऑगस्ट १९३२ ला मुंबईच्या नायगावात जन्मलेला, मुळचा भोरकडच्या इंगवलीचा हा गिरणगावातला पोरगा बँडमध्ये वाजवून, अपना बाजारात नोकरी करून, सेवादलाच्या कलापथकात रंगलेला होता. ‘विच्छा’ची बतावणी दादा रोज नवी करत. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्री बतावणीत यायची, ज्या गावी प्रयोग त्या गावचा पुढारी संवादात यायचा. छापील संहितेत हे सापडत नाही. हजाराहून जास्त प्रयोग झाले त्या नाटकाचे, आणि प्रत्येक प्रयोग थोडा वेगळा होता. एका प्रयोगाला आलेल्या आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव काढलं. १९६९ च्या ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले.

आणि मग १९७१ चा ‘सोंगाड्या’. कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. भोळा नाम्या, त्याची करारी आये म्हणजे रत्नमाला, तमाशातली कलावती म्हणजे उषा चव्हाण आणि सोबत निळू फुले. दादरच्या कोहिनूर थिएटरने ठरलेल्या तारखेला हा चित्रपट लावायला नकार दिला, कारण तिथे देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ चालू होता. बाळासाहेब ठाकरे मधे पडले आणि ‘सोंगाड्या’ लागला. पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’... ओळीने नऊ चित्रपटांनी पंचवीस आठवड्यांचा टप्पा गाठला आणि गिनीज बुकात नोंद झाली.

हेच १९७१ साल इंग्लंडमध्येही छोट्या पडद्यावरचा चावटपणा थिएटरात ओढून आणणारं होतं, हे मला फार बोलकं वाटतं. तिकडे ‘ऑन द बसेस’ ही बसचालक-वाहकांवरची दूरदर्शन मालिका लोकप्रिय होती. ड्रॅक्युलाचे भयपट काढणाऱ्या हॅमर कंपनीने त्या मालिकेवर चित्रपट काढला. लाखभर पौंडांच्याही आत खर्च आणि त्या वर्षी ब्रिटिश चित्रपटांत गल्ला अगदी वरच्या रांगेत. मग त्याचे आणखी दोन भाग आले. ‘डॅड्स आर्मी’, ‘स्टेप्टो अँड सन’, ‘मॅन अबाउट द हाउस’, ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’, एकामागून एक मालिका मोठ्या पडद्यावर गेल्या. या सगळ्यांची थोरली जाऊ म्हणजे ‘कॅरी ऑन’ची मालिका. १९५८ पासून १९९२ पर्यंत एकतीस चित्रपट. त्यांच्या मुळाशी होता कामगारवस्त्यांतला म्युझिक हॉल आणि समुद्रकिनाऱ्यावर विकली जाणारी चावट पोस्टकार्डं. आपल्याकडे जे काम फडाने केलं ते तिकडे म्युझिक हॉलने केलं. गिरणी, गोदी, बस आगार, दिवसभर वरच्याचं ऐकून घेणारा माणूस आणि संध्याकाळी त्याच वरच्याला हसण्याची मिळालेली संधी. प्रेक्षक एकाच प्रकारचा असल्यामुळे विनोदही भावंडांसारखा निघाला.

तरी तंत्रात एक फरक आहे. ‘कॅरी ऑन’मधला सिड जेम्स खो-खो हसतो, त्याला दुसरा अर्थ आधी कळलेला असतो आणि तो प्रेक्षकाला सामील करून घेतो. दादांच्या नाम्या, सदा, गंगाराम यांना दुसरा अर्थ कळतच नाही. अर्धी चड्डी, खाली लोंबणारी नाडी, तोंडावर बावळट भाव. वाक्य निरागसपणे निघतं आणि वावगं काही असेल तर ते ऐकणाऱ्याच्या कानात. ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’मधल्या मिसेस स्लोकम आपल्या मांजरीची काळजी सांगतात, ती अगदी याच पद्धतीने. आपल्याकडे या निरागसपणाचा आणखी एक उपयोग झाला, सेन्सॉर. वाक्याचा सरळ अर्थ स्वच्छ असेल तर कात्री लावायची कशाला? परीक्षण मंडळाशी झालेल्या झटापटी दादांच्या ‘एकटा जीव’ या आत्मकथनात रंगून आलेल्या आहेत. अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केलेलं हे पुस्तक या काळाबद्दल कुतूहल असलेल्या कुणीही वाचावं.

आता एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. आठवणींच्या भरात आपण दादांचा सगळा काळ एकसारखा सोनेरी करून टाकतो आणि तो तसा नाही. ‘सोंगाड्या’ आणि ‘एकटा जीव सदाशिव’ ही सबनीसांच्या वळणाची, गोष्ट असलेली चित्रं आहेत. ‘पांडू हवालदार’मध्ये पोलिसांचं जग आहे, उषा चव्हाणची पारू केळेवाली कुणाला भिणारी नाही. १९७८ च्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’पासून पुढे शीर्षकच मोठं होत गेलं आणि गोष्ट लहान. ‘आली अंगावर’, ‘मुका घ्या मुका’, ‘येऊ का घरात’. हिंदीत ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’. प्रेक्षक पोस्टर वाचून हसला की अर्धा चित्रपट तिथेच संपायचा. कोतवालाच्या जागी कुणीच उरलं नाही आणि मैनावतीच्या हातातला डाव काढून घेतला गेला. बाई हसण्याचं निमित्त झाली. इंग्लंडातही हीच तक्रार आहे. ‘ऑन द बसेस’मध्ये साहेबाची जिरते तेव्हा आजही मजा येते, पण नायकाच्या ऑलिव्ह या साध्या दिसणाऱ्या बहिणीवरचे विनोद आता बघवत नाहीत.

हा उतार का आला? माझ्या मते रंगमंच सुटला म्हणून. फडावर बतावणी रोज बदलते. समोरचा प्रेक्षक गप्प बसला तर सोंगाड्याला त्याच क्षणी कळतं की आपण चुकीच्या माणसाला टोचलं. पुढच्या गावात तो वाक्य बदलतो. चित्रपटात वाक्य एकदा छापलं की छापलं, आणि कौल मिळतो तो फक्त तिकीटखिडकीवर. चावटपणाला वठणीवर ठेवणारा जो समोरासमोरचा धाक होता, तो पडद्याने काढून घेतला.

सबनीसांनी स्वतः वेगळी वाट धरली. ‘सौजन्याची ऐशी तैशी’, पुढे ‘गेला माधव कुणीकडे’ ही नाटकं आणि १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’. भाड्याची खोली मिळावी म्हणून बायकांची सोंगं घेणारे दोन तरुण ही कल्पना बंगालीतून हिंदीत ‘बीवी और मकान’मार्गे आलेली, पण संवाद सबनीसांचे. पाहा पुन्हा एकदा. लुगडं नेसलेले पुरुष, गैरसमज, अर्धवट ऐकलेली वाक्यं, चावटपणाची सगळी सामग्री आहे, आणि तरीही आजी, नात, सून एका सतरंजीवर बसून तो बघतात. हसं होतं ते लबाडीचं आणि शहरातल्या घरटंचाईचं. रामजोशींचा दुहेरी धागा हातात कसा धरायचा हे या माणसाला शेवटपर्यंत माहीत होतं. १५ ऑक्टोबर २००२ रोजी सबनीस गेले. दादा त्याआधीच, १४ मार्च १९९८ ला.

दरम्यान सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, घरोघरी केबल आली, एकपडदा थिएटरांची गर्दी ओसरली. गिरणीच्या पाळीबरोबर चालणारा तो प्रेक्षकच राहिला नाही. आज ‘पांडू’सारखा २०२१ चा चित्रपट दादांना मानवंदना देतो, दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांत अर्धी चड्डी आणि नाडी दिसली की टाळ्या पडतात. प्रेमापोटी होतं हे सगळं. पण नाडी उचलून दादा येत नाहीत. हवालदाराची खदखद उचलावी लागते.

सबनीसांची जन्मशताब्दी २०२३ साली होऊन गेली. ‘विच्छा’ची संहिता छापील आहे, कुणीही ती घेऊन उभं राहू शकतं. सोलापुरात नाटकवेड्या तरुणांची उणीव नाही आणि हुतात्मा स्मृती मंदिराचा रंगमंचही आहे. वग तोच ठेवून बतावणी आजच्या सोलापूरची लिहावी: पाण्याच्या पाळ्या, टेंडरं, वशिल्याच्या नेमणुका. विषयांना तोटा नाही. मैनावतीची भूमिका करणाऱ्या मुलीला तिचा डाव पुरता खेळू द्यावा.

आणि ज्यांनी ‘विच्छा’चे ते जुने प्रयोग स्वतः बसून पाहिले, त्यांना एक विनंती. तुमच्या गावच्या प्रयोगात त्या रात्री बतावणीत काय म्हटलं गेलं, कुणाचं नाव घेतलं गेलं, कुठल्या वाक्याला मांडव डोक्यावर घेतला गेला, हे आठवत असेल तर या दिवाळीत नातवाला मोबाइलवर सांगून रेकॉर्ड करून ठेवा. ते कुठल्याही पुस्तकात नाही. ते फक्त तुमच्याकडे आहे.