उसना दिलेला तास

जून महिन्यात शाळा उघडली की वेळापत्रक शिक्षकांच्या खोलीतील भिंतीवर लागते. त्यात चित्रकलेचा तास कोठे पडला आहे एवढे पाहिले, तरी त्या शाळेच्या शिक्षणविषयक धारणेबद्दल वेगळे काही विचारावे लागत नाही. बहुधा तो शेवटचा असतो, किंवा शनिवारचा. तोही वर्षभर चित्रकलेचा राहतोच असे नाही. सहामाही जवळ आली आणि बीजगणित मागे पडले, की गणिताचे शिक्षक तो 'उसना' मागतात. पुढे विज्ञानाचे मागतात. उसने परत करण्याची रीत मात्र शाळांत अद्याप कोणी पाडलेली नाही.

याचा अर्थ शाळेला चित्रकला शिक्षकाची गरज वाटत नाही असा कोणी घेऊ नये. गरज आहे, आणि ती भरपूर आहे. दर्शनी फळ्यावरील सुविचार, स्वातंत्र्यदिनाचे फलकलेखन, स्नेहसंमेलनाचा पडदा, प्रमाणपत्रांवर सुवाच्य अक्षरांत घालावयाची नावे, तपासणीपूर्वी रंगवून काढावयाच्या भिंती, ही सर्व कामे त्यांच्याकडेच येतात. गावोगावच्या शाळांतील रंगीत खडूंच्या फलकांपैकी काही तर असे असतात की दुसऱ्या दिवशी ते पुसताना शिपायाचाही हात अडखळावा. या कामांतले कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु एवढ्या खटाटोपात वर्गातील पन्नास-साठ मुलांच्या हातून काय घडले, हा प्रश्न बाजूलाच राहतो. आणि शिक्षक म्हणून नेमलेला माणूस हळूहळू शाळेचा सजावटकार होऊन बसतो.

चित्रकलेच्या तासाला वस्तुतः काय शिकविले जाते, याची कल्पना सुशिक्षित पालकांनाही फारशी नसते. टेबलावर ठेवलेल्या एका तांब्याचे उदाहरण घ्यावे. पाचवी-सहावीतील मुलाला तो काढावयास सांगितला, तर ते त्याचे तोंड पूर्ण वाटोळे काढते आणि बूड सरळ रेषेने टेकविते. तोंड वाटोळे असते हे त्याला ठाऊक असते आणि तांब्या सपाट जागेवर उभा आहे हेही ठाऊक असते. ते आपल्या ठाऊकपणाचे चित्र काढते. डोळ्यांना दिसतो तो आकार निराळा असतो. बसल्या जागेवरून तोंड लंबवर्तुळाकार दिसते, नजर जितकी खाली न्यावी तितके ते चपटे होत जाते, आणि डोळ्याच्या पातळीवर आले की त्याची केवळ रेषा उरते. चांगला शिक्षक हे फळ्यावर काढून दाखवीत नाही. तो मुलाला उठवितो, वाकावयास लावितो, बाकावर उभे करितो आणि 'आता काय दिसते?' एवढेच विचारतो. आपल्याला माहीत असलेले आणि प्रत्यक्ष दिसणारे यांत अंतर असू शकते, हा अनुभव त्या मुलाला शाळेत प्रथम येथे येतो. विज्ञानाच्या प्रयोगवहीत निरीक्षण म्हणून जे लिहिले जाते, ते पुष्कळदा पाठ्यपुस्तकातूनच उतरविलेले असते; तांब्याच्या बाबतीत ती सोय नसते.

हस्तकलेचेही तसेच आहे. पुठ्ठ्याचा घन करताना चिकटपट्टी सोडावयास विसरले की तो जुळत नाही, आणि माप एका रेषेने चुकले तर झाकण बसत नाही. येथे शिक्षकाला चूक दाखवावी लागत नाही, वस्तूच ती दाखविते.

या वयाला आणखी एक महत्त्व आहे. बालचित्रांचा अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रकलेच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. साधारण नऊ वर्षांपर्यंत मूल निःशंकपणे काढीत असते. त्यानंतर त्याला आपले चित्र खऱ्यासारखे दिसावे असे वाटू लागते, ते तसे दिसत नाही, आणि मग 'मला चित्रकला येत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडी येते. बहुतेक प्रौढांनी हे वाक्य त्याच वयात उच्चारलेले असते आणि पुढे जन्मभर ते खरे मानलेले असते. म्हणजे पाचवी ते आठवी ही नेमकी तीच वर्षे, की ज्यांत जाणत्या शिक्षकाचा हात पाठीवर असावयास हवा.

महाराष्ट्राला हा विचार नवखा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी नेऊन ठेविले. पुढे शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि तेथील मुलांच्या हाती त्यांनी रंग व माती दिली. कला हा शिक्षणाचा पाया आहे, या आपल्या भूमिकेवर त्यांनी पुढे ग्रंथही लिहिला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचविले. नावे भारदस्त होत गेली आणि वर्गात मात्र बाजारातून आणलेल्या तयार वस्तूवर मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटू लागली. श्रेणी विषय म्हणजे सर्वांना 'अ' देऊन मोकळे होण्याचा विषय, अशी समजूत रूढ झाली ती काही एका दिवसात नव्हे.

दोष सर्वस्वी इतरांचा आहे असेही म्हणता येत नाही. शासनाच्या कला संचालनालयामार्फत होणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांचे उदाहरण बोलके आहे. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांच्या हाती प्रथमच जलरंगांची पेटी दिली आणि त्यांतील कितीतरी पुढे कलाशाळेत पोहोचली, हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यांतील स्मरणचित्राचा प्रकार पाहावा. मुलाने जत्रा पाहिली असेल, पाणवठा पाहिला असेल, तर त्या आठवणीतून त्याने चित्र उभे करावे अशी यामागील कल्पना. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी शिक्षक तीन-चार मानवाकृती घोटून घेतात: एक पाठमोरी बाई, एक वाकलेला माणूस, एक धावणारा मुलगा. विषय बाजाराचा येवो वा बसथांब्याचा, तीच माणसे त्याच जागी उभी राहतात. स्मरण राहते ते शिक्षकांच्या चित्राचे! दहावीच्या परीक्षेत या श्रेणीसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षार्थींची हौस वाढली, पालकांचा विरोध मावळला, आणि घोटून घेण्याला आणखीच जोर चढला. गुणांच्या आशेने का होईना, मूल कागद-रंग घेऊन बसते आहे, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. फक्त त्या बदल्यात तांब्याकडे पाहण्याची सवय गमावली जाते, हे मांडावयाचे राहते.

सर्वांत मोठा आघात मात्र कायद्याच्या एका ओळीतून आला आहे आणि त्याची चर्चा चित्रकला शिक्षकांच्या संघटनांबाहेर क्वचितच झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना शिक्षक सांगितले आहेत. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी 'अंशकालीन निदेशक' हा शब्द आहे, आणि तोही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तेव्हा. जी शाळा लहान आहे, आणि वाडीवस्तीवरील शाळा लहानच असते, तिच्या वाट्याला तेवढेही येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यात, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कठोर भेद नसावा असे म्हटले आहे. ते वाचून आनंद वाटतो. पण शिक्षकांची पदे धोरणातील वाक्यांवर मोजली जात नाहीत, ती कायद्यातील परिशिष्टावर आणि पटसंख्येवर मोजली जातात. तासावर मानधन घेणारा निदेशक तास संपला की दुसरी शाळा गाठतो. मुलाचे चित्र आठवडाभर सांभाळून ठेवणे, मागच्या चित्राशी ताडून पाहणे, मागे बसणाऱ्या अबोल मुलीची रेघ धीट होत चालली आहे हे ओळखणे, ही कामे त्याच्या मानधनात बसत नाहीत, आणि त्यासाठी त्याला बोल लावणे अन्यायाचे होईल.

आर्ट टीचर डिप्लोमा घेऊन पूर्णवेळ लागलेली पिढी आता निवृत्त होत आहे. अनेक शाळांत ती जागा पुन्हा भरली जात नाही. चित्रकलेचा तास इतर विषयांच्या शिक्षकांत वाटून दिला जातो आणि वस्तुचित्रासाठी जमविलेले तांबे, सुरया, लाकडी घन-कोन यांच्या कपाटाला कुलूप लागते. अशा शाळांतील मुले रेखाकला परीक्षेला बसतात ती शहरातील खासगी वर्गांच्या भरवशावर, शुल्क भरून. ज्या गावात असा वर्ग नाही, तेथली मुले बसत नाहीत.