खराब्यातला वायतुरा

आषाढाच्या आरंभी यवतेश्वराचा घाट चढून, धुके अंगावर घेत, जो कासच्या पठारावर जातो, त्याला भाद्रपदातले ते प्रसिद्ध रंगांचे गालिचे आढळत नाहीत. आढळतो तो जांभ्याचा काळवंडलेला सडा, म्हणजे उघडे कातळपठार, त्याच्या खळग्यांत साचलेले उथळ पाणी, आणि त्या पाण्यातून वर आलेले, दोन बोटांसारखे दुभंगलेले, जांभळट गुलाबी फुलांचे तुरे. वाय या इंग्रजी अक्षराच्या आकारावरून त्यास वायतुरा म्हणतात. उत्तर सह्याद्रीतील मोजक्या सड्यांपलीकडे ही वनस्पती जगात कोठेही नाही.

१९८२ साली सुंदरराघवन, कुलकर्णी व यादव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे ‘ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस’ असे नामकरण केले, आणि सातारा जिल्ह्याचे नाव शास्त्राच्या दप्तरी एका फुलाच्या निमित्ताने कायमचे दाखल झाले. महसुलाच्या दप्तरात मात्र, ज्या जमिनीवर नांगर चालत नाही आणि जिच्यापासून सारा येत नाही, ती पडीक किंवा खराबा, हीच वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली; त्यामुळे सह्याद्रीच्या कैक सड्यांवर रस्ते, खाणी, पवनचक्क्या उभ्या राहताना येथे काही हरवते आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. त्या एका शब्दाने या मुलखाचे केलेले नुकसान मला कोणत्याही कुऱ्हाडीपेक्षा मोठे वाटते.

वास्तविक त्या खराबेपणातच या फुलाचे सर्व जीवित साठवलेले आहे. जांभ्याच्या कठीण थरातून पाणी सहजी जिरत नाही, म्हणून खळगा भरतो. माती वीतभरही नसते, म्हणून झाडेझुडपे तेथे माजत नाहीत. आणि पाऊस सरला, डबके आटले, की पाने कुजून जातात व चिखलातला लहानसा कंद पुढचे सात-आठ महिने तापलेल्या कातळाच्या कुशीत निपचित पडून राहतो. गुडघे टेकून तुरा न्याहाळला, तर दांड्याच्या दोन्ही फाट्यांवर दाटीने बसलेली इवलीशी फुले दिसतात. नर-फुले एका झाडावर, मादी-फुले दुसऱ्यावर, त्यामुळे बी धरण्यासाठी दोन्ही झाडांचा शेजार लागतो.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा ठरविले, त्यांत कासचा समावेश झाला, आणि माणसांचा पूर लोटला. बंदोबस्त झाला, प्रवेशशुल्क आले, पठाराभोवती जाळीचे कुंपण पडले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु गुरांची चराई थांबताच गवत माजले आणि त्याखाली लहान फुले दडपू लागली, ही तक्रार परिसरातील गावकरी व अभ्यासक पुढे सतत करीत राहिले; अखेर ते कुंपण काढावे लागले. ज्या म्हशींना आपण फुलांचे वैरी मानले, त्यांचे खूर आणि त्यांची भूक ही त्या सड्याच्या व्यवस्थेचाच एक भाग होती, हे उमजण्यास आपल्याला इतकी वर्षे लागली.

गर्दीचा हंगाम भरात येतो तोवर वायतुऱ्याचा बहर बहुधा ओसरलेला असतो. पाहणारे सोनकी आणि सीतेची आसवे ही फुले पाहून तृप्त होतात. गेल्या वैशाखात मी पुन्हा एकदा त्या बाजूच्या एका सड्यावर गेलो होतो. ओळखीचा खळगा कोरडा ठणठणीत होता, तळच्या चिखलाच्या खपल्या उन्हाने वर वळल्या होत्या, आणि त्या खपल्यांवरून मोटारीच्या चाकाची एक सरळ, ताजी खूण पलीकडपर्यंत गेली होती.