काठावरचे पक्ष (भाग ५) : शंभर वर्षं, तीन जागा

नेदरलँड्समध्ये मतदान सहसा बुधवारी होतं. त्याआधीच्या रविवारी बहुतेक पक्षांची धावपळ शिगेला पोचलेली असते. ‘एसजीपी’ या पक्षाचं संकेतस्थळ मात्र त्या दिवशी उघडतच नाही. आज प्रभूचा दिवस आहे, उद्या या, अशा अर्थाचा निरोप तेवढा दिसतो. जाहीरनामा नाही, उमेदवारांची यादी नाही. पक्षाची माणसं चर्चमध्ये असतात, तीही अनेक ठिकाणी सकाळ-संध्याकाळ दोनदा.

स्टाटकुंडिख खेरेफोर्मेर्डे पार्टाय हे त्याचं पूर्ण नाव. कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंटांमधल्या सर्वांत कर्मठ मंडळींचा हा पक्ष २४ एप्रिल १९१८ रोजी झेलंड प्रांतातल्या मिडलबर्ग इथे स्थापन झाला. नाव न बदलता, कुणात विलीन न होता टिकलेला हा देशातला सर्वांत जुना पक्ष. संस्थापक होते धर्मगुरू गेरिट हेंड्रिक कर्स्टन. राज्यकारभार बायबलच्या आज्ञेनुसार चालावा, ही त्यांची भूमिका. १५६१च्या बेल्जिक श्रद्धापत्रातलं ३६वं कलम राज्यकर्त्यांवर खोट्या उपासना मोडून काढण्याची जबाबदारी टाकतं. दुसऱ्या एका मोठ्या कॅल्व्हिनपंथी चर्चने १९०५ मध्ये ते शब्द गाळून टाकले; कर्स्टन यांनी त्याच शब्दांवर पक्ष उभा केला. लशीची सक्ती नको, विमा नको (तो उतरवणं म्हणजे देवाच्या योजनेवर अविश्वास), आणि स्त्रियांना मताधिकार तर नकोच.

अशा पक्षाला भारतात लोकसभेपर्यंत पोचणं अवघड गेलं असतं. आपल्याकडे मतदारसंघात जो पहिला येईल तो जिंकतो. विखुरलेली मतं वाया जातात. डच कनिष्ठ सभागृहात १५० जागा आहेत आणि जागावाटपासाठी सगळा देश एकच मतदारसंघ धरला जातो. मतांचा दीडशेवा हिस्सा, म्हणजे साधारण ०.६७ टक्के मिळाले की पहिली जागा पदरात. १९१७च्या घटनादुरुस्तीने ही पद्धत आणली आणि पुढच्याच वर्षी एसजीपी जन्माला आला. १९२२ मध्ये कर्स्टन निवडून गेले. तेव्हापासून पक्ष एकाही निवडणुकीतून रिकाम्या हाताने परतलेला नाही. गेल्या काही निवडणुकांत त्याला दोन लाखांच्या आसपास, म्हणजे सुमारे दोन टक्के मतं मिळत आली आहेत.

एवढ्याशा बळावर काय करता येतं, हे १९२५च्या नोव्हेंबरात दिसलं. व्हॅटिकनमधल्या डच वकिलातीचा खर्च रद्द करा, अशी सूचना कर्स्टन दरवर्षी मांडत. पोपच्या दरबारी प्रॉटेस्टंटांच्या देशाचा वकील कशाला, हा त्यांचा सवाल. त्या वर्षी सत्तेत भागीदार असलेल्या एका प्रॉटेस्टंट पक्षाने सूचनेच्या बाजूने मत दिलं. विरोधी बाकांवरच्या डाव्यांनीही हात वर केले; त्यांना कॅल्व्हिनशी देणंघेणं नव्हतं, आघाडी फोडायची होती. सूचना मंजूर झाली, कॅथलिक मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि जेमतेम तीन महिन्यांचं कोलाइन मंत्रिमंडळ कोसळलं. डच इतिहासात ही रात्र कर्स्टन यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांच्या पक्षाचे खासदार होते दोन.

२०११ मध्ये तसाच योग पुन्हा आला. तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुट यांच्या सरकारला पाठिंबा देणाऱ्या पक्षांना ७५ जणांच्या वरिष्ठ सभागृहात ३७ जागा होत्या. अडतिसावं मत एसजीपीच्या एकुलत्या सदस्याकडे, खेरिट होल्डाइक यांच्याकडे होतं. इतकं वजन हाती येऊनही पक्ष मंत्रिपदाच्या मागे लागला नाही. तो आजवर कधीच सत्तेत बसलेला नाही. संसदेच्या नियमांचा आणि राज्यघटनेचा त्याचा अभ्यास मात्र विरोधकही मानतात, आणि हा मान त्याने खरोखर कमावलेला आहे.

पक्षाचा आधार नैर्ऋत्येच्या झेलंडपासून ईशान्येकडे स्टापहोर्स्टपर्यंत तिरक्या पसरलेल्या पट्ट्यात आहे. त्याला ‘बायबल पट्टा’ म्हणतात. उर्क हे त्यातलं ठळक गाव. १९३९ पर्यंत ते बेट होतं, बांध घातल्यावर जमिनीला जोडलं गेलं. मासेमारीवर जगणाऱ्या या गावाच्या बोटी रविवारी बंदरात असतात. या समाजाच्या स्वतःच्या शाळा आहेत आणि त्यांचा खर्च १९१७च्या तडजोडीनुसार सरकारच उचलतं. १९७१ पासून स्वतःचं दैनिकही आहे. बाहेरचं वारं न लागता माणूस लहानाचा मोठा होऊ शकतो, अशी ही घट्ट वीण. तिची किंमतही मोजावी लागली. १९९२-९३ मध्ये लस नाकारणाऱ्या याच समाजात पोलिओची साथ आली. ७१ जण आजारी पडले, दोघे दगावले. श्रद्धेचा आदर राखूनही हे आकडे डोळ्यांआड करता येत नाहीत.

सर्वांत लांबलेला झगडा स्त्रियांच्या प्रश्नावर झाला. २००६ पर्यंत पक्षाचं पूर्ण सदस्यत्वच स्त्रियांना मिळत नव्हतं. स्त्रियांच्या हक्कांसाठी खटले लढवणाऱ्या, क्लारा विखमन यांच्या नावाच्या निधीने आणि इतर संघटनांनी कोर्टात धाव घेतली. २००५ मध्ये हेगच्या न्यायालयाने अशा पक्षाला सरकारी अनुदान देऊ नये असं ठरवलं. २००७ मध्ये प्रशासकीय न्यायासनाने ते पुन्हा सुरू करवलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की स्त्रियांना उमेदवारी नाकारणं सरकारने चालवून घेऊ नये. पक्ष युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला. तिथे २०१२ मध्ये अर्ज दाखल करून घेण्याजोगाच नाही म्हणून फेटाळला गेला. पुढच्या वर्षी नियमातली बंदी निघाली. धार्मिक स्वातंत्र्यावरचं हे आक्रमण आहे, असं पक्षातल्या अनेकांना वाटलं. पण जी संस्था कायदे करणाऱ्यांना निवडून पाठवते, तिचं दार निम्म्या लोकसंख्येला बंद ठेवणं ही केवळ घरातली बाब उरत नाही. कोर्टाचं बरोबरच होतं.

मार्च २०१४ मध्ये व्लिसिंगन या बंदराच्या शहरात लिलियन यान्से नगर परिषदेवर निवडून आल्या. एसजीपीच्या त्या पहिल्या महिला नगरसेवक. तिथल्या शाखेला उभा राहायला पुरुष मिळत नव्हता, म्हणून त्या पुढे झाल्या. राष्ट्रीय पातळीवर अजून तसं घडलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत ख्रिस स्टॉफर यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने पुन्हा तीन जागा राखल्या. तिन्ही खासदार पुरुष आहेत.