नव्याची नवलाई की डोक्याला ताप?

फोनच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती, म्हणजेच ‘बीटा’, सर्वांच्या आधी आपल्याकडे असावी असा मोह अनेकांना होतो. पण ज्या फोनवर सारे घर चालते, त्यावर हा प्रयोग करावा का?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी नवी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते देशातील ५जी सेवेचे उद्घाटन झाले. जिओने दसऱ्याच्या मुहूर्तावर, ५ ऑक्टोबरला, दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि वाराणसी येथे निवडक ग्राहकांसाठी चाचणी सुरू केली. एअरटेलने ज्या आठ शहरांपासून सुरुवात केली, त्यांत मुंबईबरोबर नागपूरही होते. ५जीच्या जाहिराती झळकू लागल्या. पण ज्यांच्या हाती महागडा आयफोन होता, त्यांचाच हिरमोड झाला. फोन ५जीचा, शहरातही ५जी आलेले, तरी पडद्यावर मात्र ४जी! भारतातील ५जी चालू करणारी सोय त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून यायची होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ॲपलने एक वाट खुली केली. ज्यांच्याकडे ५जी चालणारा आयफोन आहे, त्यांनी आयओएस १६.२ ची बीटा आवृत्ती फोनमध्ये घेतली, तर एअरटेल आणि जिओचे ५जी लगेच वापरता येणार होते.

कल्पना करा, नागपुरातील एक मध्यमवर्गीय घर. मुलीने पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्त्यांवर आयफोन घेऊन तो वडिलांना दिलेला. जेवणे आटोपल्यावर धाकटा मुलगा म्हणतो, “बाबा, द्या ना फोन, थोडा वेळच लागेल. उद्यापासून ५जी!” वडिलांचा हात पुढे होतो. तेवढ्यात ओटा पुसता पुसता आई विचारते, “आणि काही बिघडलं तर गॅसचा ओटीपी कुठे येणार?”

मुलाला हसू येते. पण आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

बीटा म्हणजे नेमके काय?

ग्रीक वर्णमालेतील दुसरे अक्षर म्हणजे बीटा. सॉफ्टवेअर तयार करणारे अभियंते आधी आपल्या कार्यालयातच त्याची चाचणी घेतात. त्यानंतर बाहेरच्या लोकांच्या हाती जी आवृत्ती दिली जाते, ती बीटा. आमटी चुलीवर असतानाच मिठाचा अंदाज घ्यावा, तसा हा प्रकार आहे. चव घ्यायला हरकत नाही, पण अर्धी शिजलेली डाळ कोणी पंगतीत वाढत नाही.

ही पद्धत जुनीच आहे. सप्टेंबर २००० मध्ये ॲपलने आपल्या संगणकांसाठी मॅक ओएस एक्सची सार्वजनिक बीटा चक्क २९.९५ डॉलरना विकली होती. मे २००१ मध्ये तिची मुदत संपली आणि ती चालेनाशी झाली. म्हणजे लोकांनी पदरचे पैसे मोजून चाचणीचे काम केले! गूगलची जीमेल सेवा २००४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या नावापुढची ‘बीटा’ ही पाटी निघाली २००९ मध्ये. कोट्यवधी लोक ती बिनधास्त वापरत होते. बीटा म्हणजे फक्त नावापुरते, असा समज पसरायला अशी उदाहरणेही कारणीभूत ठरली असावीत.

फोनच्या बाबतीत मात्र हा समज महागात पडू शकतो. आयफोनच्या नव्या आवृत्तीची पहिली बीटा दरवर्षी जून महिन्यात येते. ती मुळात ॲप बनवणाऱ्यांसाठी असते. सर्वसामान्यांसाठीची बीटा साधारण त्यानंतर महिन्याभराने आणि पक्की आवृत्ती सप्टेंबरमध्ये येते. पूर्वी जूनमधली ती पहिली बीटा मिळवायला वर्षाला ९९ डॉलर भरावे लागत. २०२३ पासून ती कोणालाही विनामूल्य घेता येते. अडसर दूर झाला तसा मोहही वाढला. पण बीटा जितकी आधीची, तितकी ती कच्ची, हे विसरून चालणार नाही.

काय बिघडू शकते?

बॅटरी भराभर उतरणे, फोन गरम होणे, एखादे ॲप उघडताच बंद पडणे, या नेहमीच्या तक्रारी. कधी प्रकार याहून गंभीर असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये आयओएस १२ ची सातवी बीटा आली आणि फोन इतके मंदावले, की ॲपलला ती लगेच मागे घ्यावी लागली. पक्की आवृत्ती येण्यास तेव्हा जेमतेम महिना उरला होता.

पक्की आवृत्ती तरी नेहमीच निर्दोष असते का? तसेही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ घेतलेल्या अनेक नव्या फोनांचे मोबाइल नेटवर्कच गेले. ॲपलने ती आवृत्ती तासाभराच्या आसपास मागे घेतली आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती दिली. फरक आहे तो इथेच. पक्क्या आवृत्तीतील घोळ निस्तरण्यासाठी कंपनी धावपळ करते. बीटामध्ये दोष निघणे हे तर गृहीतच असते. वापरणाऱ्याने ते कळवावेत, यासाठीच ती दिलेली असते.

परतीची वाट

मुलगा म्हणेल, “नाही आवडलं तर काढून टाकू!” इथेच खरी मेख आहे. बीटा घेणे जितके सोपे, तितके ती काढणे सोपे नाही. आयफोन जुन्या आवृत्तीवर न्यायचा तर तो संगणकाला जोडून पूर्ण पुसावा लागतो. बीटा असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीत परत भरता येत नाही. म्हणून बीटा घेण्याआधीच संगणकावर वेगळा बॅकअप जपून ठेवावा लागतो. ॲपलच्या घड्याळाचे तर आणखी कठीण. त्यावर बीटा घेतली, की घरच्या घरी मागे जाताच येत नाही.

अँड्रॉइडमध्येही गूगलच्या बीटा योजनेतून मध्येच बाहेर पडले, तर फोनमधील सारी माहिती पुसली जाते. पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबून, ती घेतल्यावर आणि पुढची बीटा घेण्याआधी बाहेर पडले, तर मात्र माहिती शाबूत राहते. थोडक्यात, आत शिरल्यावर काही महिने निभावण्याची तयारी हवी.

फोन एकाचा, गरज सर्वांची

आपल्याकडे फोन एकाच्या खिशात असला, तरी तो बहुधा सगळ्या घराचा असतो. बँकेचे संदेश, विजेचे बिल, शाळेच्या सूचना, आजोबांच्या डॉक्टरांचा नंबर, सारे त्यातच. यूपीआयची नोंदणी तर सिमकार्ड आणि फोन या दोहोंशी बांधलेली असते. फोन पुसला, की संदेश पाठवून ती पुन्हा करावी लागते. बँकेचे ॲप नव्या बीटावर चालेलच असे नाही. महिनाअखेरीस घराचा हप्ता भरायचा असताना किंवा रात्री-अपरात्री डॉक्टरांना बोलवायची वेळ आली असताना फोनने दगा दिला, तर ५जीचा वेग काय कामाचा?

म्हणूनच कंपन्यासुद्धा सांगतात की, बीटा रोजच्या फोनवर नव्हे, दुसऱ्या फोनवर घ्यावी. ही सूचना न वाचताच आपण ‘मान्य आहे’वर बोट ठेवून मोकळे होतो.

मग कोणी घ्यावी?

याचा अर्थ बीटा कोणीच घेऊ नये, असा नव्हे. ॲप बनवणाऱ्यांना ती घ्यावीच लागते. घरात जुना पण नवे सॉफ्टवेअर चालणारा फोन पडून असेल आणि मुलांना तांत्रिक गोष्टींची आवड असेल, तर तो त्यांच्या हाती खुशाल द्यावा. सिमकार्ड आणि बँकेचे ॲप मात्र त्यात नको. नुसती मौज न करता सापडलेले दोष कंपनीला कळवण्याची सवयही लावावी. भारतातील नेटवर्कमध्ये काय अडते, हे इथल्या माणसाने कळवल्याशिवाय दूरच्या अभियंत्याला कसे कळणार?

रोजच्याच फोनवर घ्यायची झाली, तर आधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. संगणकावर बॅकअप घेतला आहे का? आठवडाभर फोन बंद राहिला, तर घरात कोणाचे अडेल? बँकेचे व्यवहार करायला दुसरी सोय आहे का? आणि ज्या सोयीसाठी हे करायचे, ती किती दिवसांत आपोआप मिळणार आहे? एकाही प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसेल, तर थांबणेच शहाणपणाचे.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण त्या वर्षी आयओएस १६.२ ची पक्की आवृत्ती १३ डिसेंबरला आलीच. तिच्याबरोबर भारतातील आयफोनवर ५जीही आले, तेही फोन पुसण्याची धास्ती न बाळगता. बीटा घेणाऱ्यांना पाच आठवडे आधी वेग मिळाला, इतकेच.

पाच आठवड्यांच्या त्या वेगासाठी घराचा आधार पणाला लावायचा का, हे प्रत्येक घराने आपापले ठरवावे. मात्र ते ठरवताना फोन ज्याच्या खिशात आहे, त्याने एकदा ओट्याकडेही पाहावे. “आणि काही बिघडलं तर?” हा प्रश्न तिथूनच येतो आणि बहुधा तोच सर्वांत व्यवहारी असतो.